अजमान ते दुबई, मिठाच्या चिखलातून

बोटीच्या कठड्याशी उभं राहून मी दुबई शोधत होते आणि ती मला सापडत नव्हती. मामू म्हणाले, "ती काय समोर." समोर वाळूच्या रंगाची एक पट्टी होती, तिच्यावर वाळूच्याच रंगाची घरं, आणि घरांवर वारा खेचणारे चौकोनी मनोरे. एक झाड नाही. हर्णैच्या बाजूच्या आमच्या गावातून निघालेल्या माणसाला किनारा म्हटला की माड लागतात. मी डोळे मिटून घेतले. बोट लागल्यामुळे पोटात काही राहिलं नव्हतं, आणि ज्याच्यासाठी आले होते तो माणूस खालच्या होड्यांमध्ये कुठेतरी उभा असणार होता.

तो माणूस म्हणजे माझे मालक, इब्राहिम. लग्नानंतर वर्षभरात ते आखातात गेले, एकदा येऊन गेले, आणि नंतर नुसते निरोप येत राहिले. मी गावच्या मराठी शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या आईला, अम्माला, सांभाळत होते. आम्हांला मूल नव्हतं. शेवटी अम्मानंच सांगितलं, "तू स्वतः जा हमीदा, आणि काय ते बघून ये." सोबतीला माझे मामू आले. रजा मंजूर झाली, कागद झाले आणि आम्ही बोटीत बसलो.

वाचकांना आधी एक सांगायला हवं. ही गोष्ट एकोणीसशे साठच्या दशकातली आहे. तेव्हा संयुक्त अरब अमिरात नावाचा देश नव्हता. किनाऱ्यावर एकाला एक लागून शेखांची राज्यं होती आणि प्रत्येकाचं निशाण, शिपाई, हद्द वेगळी. दुबई वेगळी, शारजा वेगळी, आणि त्यापलीकडचं अजमान वेगळं. माझा भाचा आता दुबईच्या अल बर्शात राहतो. त्याच्या गाडीतून जाताना एक राज्य कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं ते कळतसुद्धा नाही. मी त्याच्या मुलांना म्हटलं, इथून मी चालत गेले आहे. धाकटी म्हणाली, "बट व्हाय, दादी?" त्या 'का'चं उत्तर गाडीत देण्यासारखं नव्हतं.

इब्राहिम होडी घेऊन आले होते. अंगानं भरले होते, कानशिलावर केस पिकले होते. मामूंना सलाम केला आणि माझी पेटी उचलून होडीत ठेवली. दुबईहून अजमानपर्यंत जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं बसली होती. अजमानच्या खाडीकाठी उतरल्यावर ते मला म्हणाले, "घरात आणखी एक माणूस आहे."

मला समजलं. माझ्याऐवजी मामूंनीच विचारलं, "कोण माणूस?"

"निकाह केलाय."

घर म्हणजे खजुरीच्या झावळ्यांची बरस्ती (झावळ्या बांधून केलेली झोपडी), पुढे वाळूचं स्वच्छ झाडलेलं अंगण. दारात ती उभी होती. मरियम. वीस-बावीसची असेल. तोंडावर निळीत रंगवलेला ताठ कापडी मुखवटा होता. तिकडे त्याला बतूला म्हणतात. मामू आत वळल्यावर तिनं तो काढला, तर गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर निळा रंग उतरलेला. कडेवर एक मुलगी होती. तिचं कपाळ अगदी इब्राहिमचं.

तिनं जेवायला वाढलं. तळलेला मासा, भात आणि तांदळाची भाकरी. भाकरी जाड होती, कडेला फाटली होती, पण आमच्याकडचीच होती. त्यांनी तिला शिकवली असणार. आखातात मी पुढे पुष्कळ काही खाल्लं, त्यातलं फारसं आठवत नाही. ती भाकरी आठवते. ती मी नुसती चावत राहिले.

तिच्या घरात मी तीन आठवडे राहिले. भांडण झालं नाही. भांडायला अंगात जोर लागतो, आणि माझा सगळा जोर तिथे पोचण्यातच संपला होता. इब्राहिम लाँचीवर इंजिन बघायचे. सकाळी निघून जायचे, संध्याकाळी येऊन मामूंशी गावच्या गोष्टी करायचे. माझ्याशी बोलायची वेळ आली की त्यांना काहीतरी काम निघायचं. मरियमला अरबी येत होतं आणि बंदरावरचं मोडकं हिंदुस्तानी. आम्ही दोघी विहिरीवर जायचो, मासे साफ करायचो. पोर माझ्या मांडीवर झोपायची, तेव्हा मरियम तिला उचलून न्यायची नाही. एवढंच.

मग इब्राहिमची लाँच माल घेऊन पलीकडच्या इराणी किनाऱ्याला गेली. परतायला चार-पाच दिवस लागणार होते. ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या वाडीतला रज्जाक दारात आला. तो नुकताच बोटीनं आला होता. खाली मान घालून म्हणाला, "भाबी, अम्मानं अंथरूण धरलंय. सारखी विचारते, हमीदा आली का, इब्राहिम आला का."

परतीची बोट पंधरा दिवसांनी होती. लाँचीच्या मालकानं दुबईत माणूस पाठवून मुंबईच्या विमानात जागा बघितली. एकच मिळाली, परवाची. मी म्हटलं, लाँचीची वाट बघावी का? पुढच्या आठवड्याच्या विमानात दोन जागा मिळाल्या तर दोघं जाऊ. मामू बोटांवर दिवस मोजायला लागले. मरियम मात्र पटकन म्हणाली, "नहीं, तुम जाओ. अम्मा बीमार है. तुम जल्दी जाओ." मला ते पटलं. मनातून बरंही वाटलं, की हिला माझ्या सासूची काळजी आहे.

निघायच्या आदल्या दिवसापासून पाऊस लागला. आमच्या कोकणात त्याला पाऊस म्हटलं नसतं, पण तिथल्या जमिनीला तेवढाही सोसत नाही. सकाळी जीप आली तेव्हा थेंब थांबले होते. मामू, मरियम आणि मी निघालो. तिनं पोर आईकडे ठेवली होती. "हवाई जहाज तक आएगा मैं," ती म्हणाली. मी नको म्हटलं नाही.

शारजापर्यंत ठीक गेलो. शारजालाही विमानतळ होता, अगदी वाटेवर, पण तो इंग्रजांच्या फौजेचा. माझं विमान दुबईहून होतं. शारजा सोडल्यावर सबखा लागतो. सबखा म्हणजे मिठाची दलदल. वरून भाजलेल्या पापडासारखी कोरडी, पांढरट दिसते आणि पाय दिला की खाली काळा चिखल. त्यात रात्रीचा पाऊस आणि वर भरतीचं पाणी. रस्ता असा नव्हताच, नुसत्या आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या. आमच्या पुढे एक ट्रक दारापर्यंत रुतलेला दिसला. ड्रायव्हरनं तो टाळायला जीप बाजूला घेतली आणि आम्हीही बसलो.

त्यानं खूप खटपट केली. चाकांखाली पोती घातली, फळी घातली. मामूंनी ढकलायला खांदा लावला आणि गुडघा धरून खालीच बसले. तो गुडघा बोटीवरच सुजला होता. ड्रायव्हर हात झटकून म्हणाला, "खलास. पानी उतरेगा तब निकलेगा."

"आणि पाणी कधी उतरेल?" मी विचारलं.

"शाम को. इन्शाल्ला."

विमान दुपारचं होतं. त्यानं बोटानं दाखवलं. दूर निशाणाची एक काठी उभी दिसत होती, ती दुबईची हद्द. हद्द ओलांडली की मतार (विमानतळ) फार लांब नाही, असं तो म्हणाला. मामू उठायला गेले आणि परत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुला आणायला आलो नि तुला असं चिखलात सोडतोय," ते म्हणाले. मी त्यांच्या अंगावर माझी शाल टाकली. तोवर मरियमनं ओढणीची चुंबळ केली होती आणि माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली होती.

त्या चालण्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पाय रुततो, उपसून काढायचा, पुढे टाकायचा. माझी एक चप्पल पहिल्या काही पावलांतच चिखलानं गिळली, म्हणून दुसरीही टाकून दिली. मिठाच्या पापडीची धार पायाला कापायची आणि त्या कापलेल्यावर पुन्हा मीठ लागायचं. उजवीकडे समुद्र होता, पण लाटेचा आवाज नाही, नुसती राखाडी चकाकी. मरियम पुढे, मी तिच्या पावलांच्या खड्ड्यांत पाय ठेवत मागे. ती न वळताच सांगायची, "इधर नहीं. उधर." एकदा मी मांडीपर्यंत गेले. तिनं पेटी खाली ठेवून मला दोन्ही हातांनी ओढलं आणि आम्ही दोघी चिखलात आपटलो. तिचा बतूला भिजला. निळा रंग तिच्या मानेपर्यंत ओघळला. तिनं तो काढून कमरेला खोचला.

हद्दीवर दोन पिंपांवर आडवा बांबू होता, मागे एक झोपडी आणि दोन शिपाई. त्यातला म्हातारा बलुची होता. त्याला हिंदुस्तानी येत होतं. चिखलातून दोन बाया येताना बघून तो उभाच राहिला होता.

"मर्द किधर है?" त्यानं विचारलं.

मी मागे बोट दाखवलं. "मामू. गाडी में. पाँव खराब है."

माझा पासपोर्ट त्यानं नीट बघितला, फोटो आणि मी जुळवून पाहिलं. "आदमी का नाम?"

"इब्राहिम."

मग तो मरियमकडे वळला आणि अरबीत काही बोलला. ती म्हणाली, "इब्राहिम."

"इसका नहीं. तेरा आदमी," तो आता हिंदुस्तानीत म्हणाला.

"इब्राहिम," मरियम पुन्हा म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. दुसऱ्या शिपायाला बलुचीत काहीतरी सांगितलं. तो तरणा शिपाई हसायला लागला, तसा म्हाताऱ्यानं त्याला दटावलं. मला म्हणाला, "मेरे घर में भी दो है. दोनों एक कुएँ का पानी नहीं भरती." आणि आम्हांला झोपडीच्या आडोशाला बसवून गावा (वेलदोड्याची कडू कॉफी) आणि खजूर दिले. इवलासा पेला मी दोन्ही हातांनी धरून प्याले.

पण मरियमला तो सोडेना. माझ्याकडे कागद होते, तिच्याकडे काहीच नव्हतं, आणि सोबत पुरुष नव्हता. "तुम जाओ," तो मला म्हणाला. "ये इधर से वापस."

मरियम उठली. अरबीत भराभर बोलली. मला त्यातलं एवढंच कळलं, की ती पेटीकडे हात करून त्याला विचारते आहे, ही कोण उचलणार? तू? मग ती माझ्या पायांकडे बोट दाखवून बोलली. तेव्हा मीही पहिल्यांदाच ते पाहिले. घोट्यापर्यंत चिखल, आणि चिखलातून ठिकठिकाणी रक्त.

म्हाताऱ्यानं बांबू वर केला. "मगरिब से पहले वापस आने का," तो तिला म्हणाला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाआधी. "मैं इधर खड़ा रहेगा. नहीं आया तो मेरा नौकरी खलास."

दुबईच्या बाजूला जमीन जरा कडक होती. वाळू लागली, मग खुरट्या काटेरी झुडपांचं माळरान. दूरवर विमानतळाचा मनोरा दिसायला लागला तसं मला हायसं वाटलं. मी मरियमला म्हटलं, "तुझे बहोत तकलीफ हुआ." आभार मानायला मला दुसरे शब्द आले नाहीत.

ती डोक्यावरची पेटी सावरत चालत राहिली. बरंच पुढे गेल्यावर थांबली. पेटी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मैं जल्दी जाओ बोला. लाँच आने से पहले."

"हो. अम्मासाठी."

"नहीं." तिनं मान हलवली. "तुम रुकेगा तो वो तुम्हारे साथ जाएगा. फिर नहीं आएगा. मैं डर गया."

मी उभी राहिले. आधी नीट समजलंच नाही. मग समजलं, आणि इतक्या आठवड्यांत न आलेला राग एकदम आला. तिकडे एक म्हातारी लेकाच्या नावानं दाराकडे बघत पडली होती, आणि हिनं त्या लेकाची वाट बघू दिली नव्हती. मी तिला काय काय बोलले. मराठीत बोलले. तिला एक शब्द कळला नसेल आणि सगळं कळलं असेल. ती ऐकत उभी राहिली. चेहरा निळा, आणि त्या निळ्यातून दोन रेघा खाली उतरलेल्या.

मी पेटी ओढून घेतली आणि एकटी चालायला लागले. थोडी गेले. पेटी जड होती, पाय जळत होते. मागे फिरावं, लाँचीची वाट बघावी, असंही एकदा मनात आलं. पण मागे तो सबखा होता, आणि विमान गेलं असतं तर अम्मापाशी दोघंही पोचलो नसतो. मी पेटी टेकवली. मरियम मागून आली, तिनं काही न विचारता एका बाजूची कडी धरली. दुसरी मी धरली. दोघींच्या उंचीत फरक असल्यानं पेटी कलायची आणि आतली भांडी खडखडायची. विमानतळ येईपर्यंत आम्ही ती तशी नेली.

विमानतळ म्हणजे माळावर एक ठेंगणी इमारत आणि नवी डांबरी धावपट्टी. आत पंखे, खुर्च्या, स्वच्छ कपड्यांतली माणसं. एका माणसानं आमच्या पायांकडे पाहून नाक मुरडलं. खिडकीवरचा कारकून केरळचा होता. माझा कागद बघून म्हणाला, हवा खराब म्हणून विमानाला उशीर आहे. मी खुर्चीत बसले. एवढी धावत-पळत, रडत-भांडत आले आणि आता नुसतं बसून राहायचं, या विचारानं मला हसूच आलं. नळावर मरियमनं माझे पाय धुतले. मी पाय ओढून घेतले नाहीत. तेवढीही ताकद नव्हती.

ऊन उतरायला लागलं तशी ती सारखी बाहेर बघायला लागली. मी म्हटलं, "निघ तू. तो म्हातारा उभा असेल."

ती उठली. "लाँच आएगा उस दिन मैं बोलेगा," ती म्हणाली. "अम्मा का बोलेगा. भेजेगा उसको. वल्ला." अल्लाची शपथच घेतली तिनं.

"आणि तो परत आला नाही तर?"

तिनं बतूला कमरेतून काढला, पिळला, आणि परत चेहऱ्यावर बांधला. "बोलेगा," एवढंच पुन्हा म्हणाली. मग काचेपलीकडून तिची काळी आकृती माळावर चालत जाताना दिसत राहिली. तिला दोन वाटा चालायच्या होत्या, मला एक. हे मला ती दिसेनाशी होईपर्यंत सुचलं नव्हतं.

विमानाबद्दल लोक अजून विचारतात. आमच्या वाडीत विमानात बसलेली बाई म्हणजे मी पहिली. काय सांगू? बसले आणि झोपले. मुंबईहून एस.टी., मग खाडी ओलांडायला तर (होडी), आणि मग घर.

अम्मा मागच्या पडवीत खाटेवर होती. चेहरा मुठीएवढा झाला होता, पण डोळे जागे होते. मी पुढ्यात बसले. तिनं माझ्या मागे दाराकडे पाहिलं.

"आला?"

"नाही अम्मा. लाँचीवर होता. येईल."

मग मी तिला सगळं सांगितलं. मरियमचं, नातीचं, चिखलाचं, शिपायाचं. फक्त माळावर मरियम जे बोलली ते सांगितलं नाही. अम्मा डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, झोपली. बऱ्याच वेळानं तिनं माझं मनगट धरलं.

"तुला हे घर सोडून जायचं असेल तर जा तू," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून राहू नको. फार राहिलीस."

मी गेले नाही. पण जायला कोणी हरकत घेणार नाही हे कळल्यावर राहणं सोपं झालं. आखातात मी ना सोनं पाहिलं ना बाजार. एक बाई पाहिली. तिनं माझं घेतलं होतं, मला फसवलं होतं, आणि माझी पेटीही उचलली होती. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची वजाबाकी करून एक उत्तर काढायचा प्रयत्न मी पुष्कळ वर्षं केला. वर्गात मुलांना गणित शिकवणारी बाई मी. जमलं नाही.

मरियमनं शब्द पाळला. लाँच लागली त्याच दिवशी तिनं इब्राहिमना सांगितलं, आणि पुढच्या बोटीनं मामूंबरोबर ते आले. अम्मा तेव्हा होती. लेकाच्या हातची पेज ती आठवडाभर प्याली, आणि गेली.

अम्माचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी इब्राहिमना म्हटलं, काझींकडे जाऊ, मला खुला (बायकोनं मागून घेतलेला तलाक) हवा आहे. आम्ही दोघं पडवीत बसलो होतो.

"माझ्यावर राग आहे तुझा?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "दमलेय."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर काझींकडे आले.